रिकामं टमरेल

परवा हे दुकानात गुळाची पुडी बांधत होते. रद्दीतला कागद हातात घेतला आणि पुडी तशीच टाकून आत आले. "बघ, आपला का-मास्तर," म्हणाले.

वर्तमानपत्रात फोटो होता. दिल्लीत कसलीशी समिती बसली होती आणि झाडून सगळे खुर्च्यांवर बसलेले. एकटे आमचे का-मास्तर भिंतीला पाठ लावून उभे. केस गेलेत, पोट आलंय, पण चष्म्याची एक काडी अजून दोऱ्यानं बांधलेली. खाली छापलं होतं की हे थोर समाजशास्त्रज्ञ आहेत, लोकांच्या आरोग्यासाठी सरकारनं काय करावं यावर त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिलेत, आणि बैठकीत उभं राहूनच बोलायची त्यांची सवय सगळीकडं प्रसिद्ध आहे.

मला इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात धरावा लागला. त्या सगळ्या ग्रंथांचा पाया एक गळू आहे हे समितीला काय माहीत? आणि ते गळू कुठं झालं होतं, ते तर समितीपुढं सांगण्यासारखंच नाही.

महाराष्ट्र होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा ते आमच्या गावात आले. आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं. वळकटी, पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह आणि पाणी उकळायचं भलंमोठं पातेलं एवढं घेऊन एस्टीतून उतरले. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. गावात सरकारी दवाखाना होता, कंपाउंडर होता, बाळंतपणाला खास नर्सबाई दिली होती, तरी बायका तिकडं फिरकत नव्हत्या. का फिरकत नाहीत, एवढं शोधून रिपोर्ट लिहायचा होता. आमच्या दुकानाशेजारची खोली त्यांना दिली आणि जेवण आमच्याकडंच ठरलं.

त्यांचा अर्धा दिवस पाणी उकळण्यात जायचा. उकळायचं, गाळायचं, निववायचं, मग वास घ्यायचा आणि पुन्हा उकळायचं. उरलेला अर्धा दिवस "असं का?" विचारण्यात. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यांनी पहिल्याच दिवशी धरलं.

"काकू, खोकल्याला तुम्ही अडुळसा का घेता?"

"खोकला येतो म्हनून."

"मग दवाखान्यात का जात नाही?"

"खोकला जातो म्हनून."

हे त्यांनी लिहून घेतलं. आत्याबाई माहेरच्या अणदूरकडच्या. राग आला की कानडीत बोलायच्या. त्या दिवशी चुलीपुढं बराच वेळ कानडी चाललं होतं.

एकदा गावातला एक म्हातारा वारला. मास्तर अंत्ययात्रेत सामील झाले आणि खांदा देणाऱ्याच्या शेजारून चालत हळूच विचारू लागले, "यांना दवाखान्यात नेलं होतं का?" तो म्हणाला, "न्हाय नेलं. आता न्यायचं का?" तेव्हापासून गावानं त्यांचं नाव का-मास्तर ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा राग आला नाही, आनंदच झाला.

सुईला मात्र मरणाचे भ्यायचे. पटकी आली म्हणून टोचणारे आले, तेव्हा पारावर उभं राहून मास्तरांनी टोचून घेण्याचे फायदे सांगितले. ऐकून ऐकून सगळं गाव बाह्या वर करून रांगेत लागलं. मास्तरांची पाळी आली आणि ते भाषणाच्या मध्येच कंपाउंडरच्या अंगावर कोसळले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "टोचलं का?" "टोचलं," कंपाउंडर म्हणाला. मग पुन्हा कोसळले.

पुढं मोठे झाल्यावर एकदा परंड्याकडच्या एका खेड्यात नव्या दवाखान्याची फीत कापायला त्यांना बोलावलं होतं. आमचे हे मालाला तिकडं गेले होते, त्यांनी स्वतः पाहिलं. बँड वाजतोय, कात्री ताटात आहे आणि पाहुणा गायब. शोधाशोध केली तर मास्तर इमारतीच्या मागं, भिंतीवर हात फिरवत उभे. "दार कुठंय?" म्हणे. "दार म्होरं हाय की, साहेब, फीत तिथंच बांधलीय." "ते नव्हे. मागलं." मागलं दार नव्हतंच. मास्तर म्हणाले, दार पाडा, मग मी फीत कापतो. शेवटी फीत सरपंचानं कापली आणि मास्तरांनी आपलं भाषण मागच्या भिंतीपुढं केलं. ऐकायला दोन-चार शेळ्या आणि आमचे हे.

आता मागलं दार काय, ते सांगते.

मास्तर आले तेव्हा मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ गेलं होतं. गावची सुईण कोंडाबाई, तिला दिसायचं बंद होत आलं होतं आणि हातही कापायचा. तिनं केलं तेवढं केलं. नर्सबाई चौकापलीकडं दवाखान्यात रिकामी बसली होती, पण मी गेले नव्हते आणि मला कुणी नेलंही नव्हतं. आता गावात बोलवा उठली होती की बायका येत नाहीत म्हणून दवाखाना नर्सबाईसकट सडकेवरच्या मोठ्या गावी हलवणार. मास्तरांचा रिपोर्ट जिल्ह्याच्या साहेबाकडं गेला की झालं. म्हणजे माझ्या वेळेला पुन्हा कोंडाबाईच. मी कुणाजवळ बोलले नाही, पण दळताना, भाकरी थापताना मनात तेवढंच चालायचं.

एक दिवस मास्तरांनी मलाही गाठलं. मी ताट वाढून आत वळत होते. "वहिनी, पहिल्या वेळी तुम्ही दवाखान्यात का नाही गेलात?"

मी जमिनीकडं बघत उभी राहिले. परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि हा शब्द तर मुळीच फुटण्यासारखा नव्हता. त्यांनी वाट पाहिली आणि कागदावर लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेय, उलटं धरलेलंही वाचता येतं. "उत्तर नाही. अज्ञान."

कारण काय, ते गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी सांगत नव्हतं. दवाखान्याचं दार चौकात, पाराच्या अगदी तोंडावर. पारावर दिवसभर वडीलधारी माणसं. आमच्याकडं दवाखान्याकडं निघालेल्या माणसाला "काय झालं, कुणाला झालं?" असं विचारलं नाही तर ते माणुसकी सोडल्यासारखं. विचारणाऱ्याच्या मनात पाप नसतं, मायाच असते. विचारल्यावर उत्तर नाही दिलं तर सून उद्धट. आणि बाईमाणसाचं दुखणं पारावर सासऱ्याच्या वयाच्या माणसांना सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? नर्सबाई पेटी घेऊन घरी आली तर आणखी वाईट, मागून अर्धी गल्ली यायची. त्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं.

आणि मग मास्तरांना गळू झालं.

आधी आम्हाला कळलं नाही. पाटावर बसायचे ते उभ्यानं जेवायला लागले. "असं का?" आत्याबाईंनी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "उभ्यानं पचन चांगलं होतं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी चालताना एक पाय लांब टाकू लागले. तिसऱ्या दिवशी यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. यांनी आत्याबाईंना सांगितलं, आणि आत्याबाईंनी चुलीपुढं मला, तेव्हा माझ्या हातातला पोळपाट निसटला.

यांनी समजावलं, "मास्तर, कंपाउंडर हाय की. चिरा दिला की मोकळं. समोर तर दवाखाना हाय."

मास्तर उठले. धोतर सावरून चौकात गेले. आम्ही दुकानाच्या दाराआडून बघत होतो. पारावरून पाटलांनी हाक मारली, "का हो मास्तर, लंगडताय? काय झालं?" मास्तर थांबले. दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं, पाराकडं पाहिलं, आणि म्हणाले, "काही नाही. नर्सबाईंना एक प्रश्न विचारायचा होता. उद्या विचारीन." आणि परत फिरले.

घरात येऊन पालथे पडले. कण्हत होते.

आत्याबाईंना दया आली. दाराआडून म्हणाल्या, "मास्तर, असं करा. पारावरनं जाऊ नका. घराच्या मागून पांदीनं जावा, दवाखान्याच्या मागच्या अंगाला निघतंय. कंपाउंडरला खिडकीतनं हाळी द्या. आन् हातात टमरेल घ्या. टमरेल घेतलेल्या मानसाला कुनी कुठं निघालाव म्हनून इचारत न्हाय."

हे खरं होतं. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाकडं आमच्या गावात कुणी बघतसुद्धा नाही. बघणं वाईट दिसतं. ती पांद, म्हणजे कुंपणांमधली अरुंद वाट, मात्र बायकांच्या परसाकडं जायची होती. म्हणून आत्याबाईंनी बजावलं, "दुपार टळायच्या आत जावा. तवा बायका नसत्यात."

मास्तरांनी टमरेल घेतलं आणि गेले. पाण्याचं सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. टमरेल घेणाऱ्या माणसाला पाणी भर म्हणून कोण सांगतं?

पांदीच्या कडेला कोंडाबाई शेळी चारत बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. मास्तर विचार करत चालले होते आणि विचार करताना हातातली वस्तू मांडीवर आपटायची त्यांची खोड. टमरेल टणटण वाजत होतं. भरलेलं टमरेल असं वाजत नाही.

"कोन हाय?" कोंडाबाईनं विचारलं.

"मी आहे, आजी."

गड्याचा आवाज, बायकांची पांद आणि रिकामं टमरेल! कोंडाबाईनं जी बोंब ठोकली ती पारावर पोचली. "अगं बाई, धावा! बायकांच्या वाटंला गडी आलाय! टमरेलात पानी बी न्हाय मेल्याच्या!"

पार उठून पांदीत आला. पाटलांनी विचारलं, "काय ओ मास्तर? हिकडं कुठं?" मास्तर टमरेल धरून उभे. गळवाचं सांगितलं तर हसं होणार, नाही सांगितलं तर चोर ठरणार. आत्याबाई धावत गेल्या. "वाट चुकलंय बिचारं. शहरातलं हाय, त्याला काय कळतंय," म्हणून हाताला धरून घेऊन आल्या. पण लोकांच्या मनात काळंबेरं राहिलंच. दुसऱ्या दिवसापासून बायका त्यांना बघून दारं लावू लागल्या.

गळू शेवटी आत्याबाईंच्या पोटीसानं फुटलं. जवसाचं ऊन पोटीस, वरून आंबेहळद. बांधायचे आमचे हे. संस्थेनं आरोग्यावर लिहायला पाठवलेला माणूस, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या खोलीत पालथा पडून "आई गं" करत होता. पोटीस ह्या अडाणी प्रकारावर त्यांनी रिपोर्टात एक अख्खं पान लिहिलं होतं. त्या पानाची नक्कल उशाशीच होती.

मी दारातून ताट आत सरकवलं. त्यांनी तोंड वळवलं नाही. भिंतीकडं बघतच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मी परवा एक प्रश्न विचारला होता."

मी पाण्याचा तांब्या आत सरकवला.

"त्याचं उत्तर आता देऊ नका. मला मिळालं."

मी आत येऊन चुलीपुढं बसले आणि उगाचच फुंकणीनं विस्तव फुंकत राहिले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं आत्याबाईंना वाटलं असेल.

पण रिपोर्ट तर आधीच गेला होता. आठवडा सरायच्या आत जिल्ह्याचे साहेब जीपमधून आले. चौकात दवाखान्यापुढं टेबल मांडलं, दोन खुर्च्या मांडल्या. पार भरलेला. आम्ही बायका दुकानाच्या आत, दाराच्या फटीला डोळे लावून. साहेबांच्या हातात मास्तरांचाच रिपोर्ट. त्यांनी वाचून दाखवलं, इथल्या स्त्रिया अज्ञान आणि अंधश्रद्धेमुळं दवाखान्यात येत नाहीत, सबब हा दवाखाना सडकेवर हलवणं योग्य होईल. माझ्या पोटात बाळ हललं. त्याला कळलं असं काही मी म्हणत नाही. हलायची त्याची वेळ झाली असेल.

"बसा, प्रोफेसर," साहेब म्हणाले.

"मी उभाच बरा."

"अहो, रिपोर्ट तुमचा आणि तुम्हीच उभे? बसा."

"मला बसता येत नाही, साहेब."

"असं का?" साहेबांनी विचारलं. पारावर कुणीतरी फिसकन हसलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग मोठ्यानं, भाषण करतात तसं म्हणाले, "मला गळू झालं होतं. बसायच्या जागी."

क्षणभर कुणाला कळेना. मग आख्खा पार हसला. पाटलांचा फेटा सुटला. आमच्या आतल्या बायकाही एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. वर्ग शांत व्हायची वाट पाहावी तसे मास्तर उभे राहिले, मान लाल झाली होती.

"हसा," म्हणाले. "ह्या हसण्याला भिऊनच मी दारातून परत गेलो. मी एम.ए. झालेला माणूस. दवाखान्यावर लिहितो. दवाखाना माझ्या खोलीसमोर आहे. तरी मी पोटीस बांधून पालथा पडलो. मग अज्ञान कुणाचं? साहेब, ते वाक्य माझं आहे. ते खोडा."

पाटील उठले. "पर आमी काय केलं ओ मास्तर?"

"तुम्ही विचारता."

"मग इचारायचं न्हाय? मानसानं मानसाला इचारायचं न्हाय व्हय?"

"विचारायचं, पाटील. पण दवाखान्याच्या दारात नाही."

मागून कोंडाबाई ओरडली, "म्हंजी तवा ते टमरेल..."

"होय आजी. दवाखान्यात निघालो होतो. म्हणूनच ते रिकामं होतं."

पार पुन्हा हसला, पण हे हसणं वेगळं होतं. ह्या हसण्यात ते चोर राहिले नव्हते.

साहेबांना मात्र हसू आलं नाही. "मग काय, पार हलवायचा?"

"पार राहू द्या. दवाखान्याला मागं एक दार आहे. त्याला फवारणीच्या औषधाचे डबे लावून ठेवलेत. ते डबे काढा. दार पांदीत उघडतं. त्या वाटेला बाईला कुणी काही विचारत नाही."

"सरकारी दवाखान्यात लोकांनी मागच्या दारानं यायचं? चोरून?"

"चोरून नाही, साहेब. न सांगता."

साहेब बराच वेळ रिपोर्टाची पानं चाळत बसले. शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. बायका आल्या तर ठीक. नाही तर बाई जाईल."

दुसऱ्या दिवशी डबे निघाले, दार उघडलं. नर्सबाई दारात खुर्ची टाकून बसली. बायका पांदीनं गेल्या, दाराकडं तिरक्या डोळ्यानं बघितलं आणि पुढं निघून गेल्या. पहिली कोण जाणार? सगळ्याजणी सगळ्यांची वाट बघत होत्या. मास्तर खोलीत येरझाऱ्या घालत होते. उकळलेलं पाणी पुन्हा उकळत होते.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. "चल गं."

मी टमरेल उचललं.

"पानी भर आधी," आत्याबाई म्हणाल्या. "त्या मास्तरावानी रिकामं नेशील."

आम्ही दोघी पांदीनं गेलो. पांदीत बायका होत्या. कुणी काही विचारलं नाही. मी भरलेलं टमरेल उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आत गेले. नर्सबाईनं पोटावर हात ठेवून तपासलं. म्हणाली, "मूल आडवंतिडवं आहे. येत जा. चुकू नकोस." मी बाहेर आले तेव्हा माझ्या टमरेलाशेजारी दुसरं टमरेल होतं. कोंडाबाई उभी होती. "माझं डोळं बघ गं बाई," ती नर्सबाईला म्हणत होती.

दिवाळीच्या आधी साहेब न कळवता आले. मास्तरांनी त्यांना पुढच्या दारानं आत नेलंच नाही. मागं नेलं. उंबऱ्याबाहेर टमरेलांची रांग होती, सगळी भरलेली. साहेबांनी एकात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "बाई राहू दे."

माझी वेळ आली तेव्हा दुपार होती. आत्याबाईंनी मला मागल्या दारानंच दवाखान्यात नेलं. मूल पायाकडून येत होतं. नर्सबाईनं मला काय काय करायला लावलं ते लिहिण्यासारखं नाही, पण तिचा हात कापत नव्हता. मास्तर चौकापलीकडं दुकानात यांच्याजवळ उभे होते. हे सांगतात की मुलगी रडली तेव्हा मास्तर गुळाच्या ढेपेवर मटकन बसले. कितीतरी दिवसांनी ते बसले होते. आणि त्या दिवशी त्यांनी कशालाही का विचारलं नाही.

मग ते गेले. ग्रंथ लिहिले, परदेशी गेले, समित्यांवर आले. खुर्ची दिसली की ते आधी उभे राहतात म्हणे, आणि कुठंही दवाखाना बांधायचा असला की नकाशा उलटा धरून मागची बाजू बघतात. इंजिनियर वैतागतात. वैतागू देत.

ती मुलगी आता उस्मानाबादला कॉलेजात आहे. मास्तरांनी आपल्या ग्रंथाची एक प्रत दुकानाच्या पत्त्यावर धाडली होती, इंग्रजीत, पाट्यासारखी जड. सुट्टीत ती मला मराठीत सांगत होती. टमरेलांचं सगळं आहे त्यात. आमची पांद आहे, पार आहे. मग एका जागी ती थांबली.

"आई, इथं लिहिलंय, गावातला एक शिकलेला पुरुष लाजेपायी दवाखान्यात जाऊ शकला नाही, म्हणून लेखकाला खरं कारण उमगलं. आपल्या गावात एवढा लाजरा कोण होता गं?"

मी भाकरी उलटली.

"होता एक," म्हटलं. "टमरेल न्यायचा, पण पाणी भरायला विसरायचा."